गुपित न वाचता हलवता येते : पासवर्ड, हॅश आणि मध्यवर्ती डिरेक्टरी

धागा लांब आहे. गडकोट, नाणी आणि मोडी कागद सोडून आज संगणकाच्या पासवर्डकडे का वळले, असे काही जण विचारतील. कारण सांगते. गेल्या महिन्यात एका ग्रंथालयाच्या काउंटरवर माझ्यापुढे एक जाडजूड रजिस्टर सरकवण्यात आले. त्यात चार रकाने होते : नाव, नोंदणी क्रमांक, सध्याचा पासवर्ड, सही. माझ्या आधीची कित्येक पाने भरलेली होती आणि ती सहज वाचता येत होती.

विचारणा केल्यावर उत्तर मिळाले ते असे : “जुन्या सर्व्हरवरची सगळी खाती नव्या मध्यवर्ती डिरेक्टरीत न्यायची आहेत. जुने पासवर्ड हॅश केलेले आहेत, ते वाचता येत नाहीत. वाचता येत नाहीत म्हणून हलवता येत नाहीत. तेव्हा तुम्हीच लिहून द्या.”

या उत्तरातील पहिली दोन वाक्ये खरी आहेत. तिसरे खोटे आहे, आणि ते खोटे ठरून पाव शतकाहून अधिक काळ लोटला आहे. लखोटा पोहोचवण्यासाठी जासुदाने तो फोडून वाचावा लागतो, असे कोणी म्हणाले तर आपण हसू. येथे नेमके तेच म्हटले जात आहे आणि आपण रांगेत उभे राहून सह्या करत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर करू, कारण तो आपल्याच मंडळींनी पसरवला आहे. पासवर्डच्या इतिहासावरील बहुतेक धागे रोमन छावणीपासून सुरू होतात. पॉलिबियसच्या सहाव्या ग्रंथातले वर्णन सर्वांना पाठ असते : सूर्यास्ताला एक सैनिक ट्रिब्यूनच्या तंबूतून परवलीचा शब्द लिहिलेली लाकडी पाटी घेतो, ती तुकडी-तुकडीतून हातोहात फिरते आणि अंधार पडण्यापूर्वी ट्रिब्यूनकडे परत येते. वर्णन सुंदर आहे, पण ते आपल्या विषयाचे पूर्वज नव्हे. रोमन परवल सर्वांची एकच असे. ती ‘तू आपल्यापैकी आहेस का’ एवढेच विचारी. पहारेकऱ्याला ती ठाऊक असणे हीच तर तिची अट होती.

संगणकाचा पासवर्ड वेगळाच प्रश्न विचारतो : ‘तू तूच आहेस का?’ तो प्रत्येकाचा निराळा असतो. म्हणून येथे एक नवी अडचण उभी राहते, जी रोमन पहारेकऱ्याला कधीच पडली नव्हती. माझे गुपित पहारेकऱ्यानेही जाणू नये, पण मी ते उच्चारले की त्याने ओळखावे. हे शक्य आहे काय? पासवर्डचा खरा इतिहास या प्रश्नापासून सुरू होतो, आणि तो जेमतेम साठ वर्षांचा आहे.

आरंभी कोणाला हा प्रश्न पडलाच नाही. एमआयटीतील सीटीएसएस ही अनेकांनी एकाच संगणकावर एकाच वेळी काम करण्याची व्यवस्था. फर्नांडो कॉर्बातो यांच्या नेतृत्वाखाली १९६१ मध्ये तिचे पहिले प्रात्यक्षिक झाले. तिथे सगळे पासवर्ड एका फाइलमध्ये, जसेच्या तसे, साध्या अक्षरांत ठेवलेले असत. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधकाला आपल्या प्रयोगांसाठी नेमून दिलेला वेळ अपुरा पडू लागला. त्याने एक पंच कार्ड भरून त्या फाइलची छापील प्रत मागवली आणि यंत्राने ती निमूटपणे छापून दिली.

त्याहून बोलका प्रसंग त्याच दशकाच्या मध्यातला. या प्रसंगात चोर कोणीही नाही. एक व्यवस्थापक रोजची सूचना संपादित करत होता, दुसरा पासवर्डची फाइल. संपादकाच्या प्रोग्रामने दोघांच्या तात्पुरत्या फाइलींना एकच नाव दिले आणि दोहोंची अदलाबदल झाली. त्यानंतर जो कोणी लॉगिन करी, त्याला स्वागतपर सूचनेऐवजी सर्वांचे पासवर्ड पडद्यावर दिसत. कॉर्बातोंना १९९० चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले, तेव्हा त्या निमित्ताने दिलेल्या व्याख्यानात त्यांनी स्वतःच ही हकीकत सांगितली.

“आमच्याकडचा माणूस विश्वासू आहे” असे सांगणाऱ्यांनी हा प्रसंग दोनदा वाचावा. ते दोन्ही व्यवस्थापक विश्वासूच होते. जी वस्तू वाचता येते ती एक दिवस चुकून वाचली जातेच. त्यासाठी कोणाची नियत वाईट असावी लागत नाही.

उत्तर केंब्रिजमधून आले. तेथील टायटन संगणकासाठी रॉजर नीडहॅम यांनी एक युक्ती सुचवली आणि मॉरिस विल्क्स यांनी आपल्या १९६८ च्या पुस्तकात ती नोंदवली : पासवर्ड साठवूच नये, त्यावर उलटी न फिरणारी क्रिया करून तिचे फलित साठवावे. आपल्या भाषेत सांगायचे तर दाणे ठेवू नयेत, पीठ ठेवावे. पिठाचे दाणे पुन्हा होत नाहीत. मात्र कोणी तेच दाणे घेऊन आला आणि ते त्याच जात्यावर दळले, तर पीठ जुळते. पहारेकऱ्याच्या हाती राहते ते केवळ पीठ. यालाच आज आपण हॅश म्हणतो.

ही कल्पना घरोघरी पोहोचवली ती युनिक्सने. नोव्हेंबर १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांचा पासवर्ड-सुरक्षेवरील लेख प्रसिद्ध झाला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो अवश्य वाचावा, कारण तो आपल्याच चुकांचा प्रामाणिक दस्तऐवज आहे. त्यांची पहिली हॅश-पद्धत दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने वापरलेल्या एम-२०९ या सांकेतिक यंत्राच्या नकलेवर बेतलेली होती. ती फार वेगवान निघाली. आणि जाते वेगवान असले की चोरही भराभर दळून पाहू शकतो. मग त्यांनी डीईएस ही पद्धत घेतली, ती मुद्दाम एकामागून एक पंचवीस वेळा फिरवली आणि प्रत्येक पासवर्डात बारा बिटांचे ‘सॉल्ट’, म्हणजे शब्दशः मीठ, मिसळले. ४,०९६ प्रकारचे मीठ. त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ बहुधा वेगळे दिसे, आणि एकदाच सगळा शब्दकोश दळून ठेवून सर्वांशी ताडून पाहण्याची सोय संपली.

त्याच लेखात एक आकडा आहे. त्यांनी जमवलेल्या ३,२८९ पासवर्डांपैकी ८६ टक्के पासवर्ड छोट्या अक्षरसमूहांच्या किंवा शब्दकोशांच्या शोधात सापडले. माणसांची निवड तेव्हाही अशीच होती.

आता थोडे विषयाच्या गाभ्याकडे. युनिक्सवर हे पीठ ‘पासडब्ल्यूडी’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवले जाई. प्रत्येक ओळ एका माणसाची : नाव, हॅश, क्रमांक, घरची डिरेक्टरी. ही फाइल सर्वांना वाचता येत असे, कारण क्रमांकावरून नाव शोधण्यासाठी साध्यासाध्या प्रोग्रामांनाही ती लागे. पीठच तर आहे, वाचू दे, असा विचार. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर सुटलेल्या वर्मने हा विचार मोडीत काढला. त्याच्याजवळ ४३२ शब्दांची एक यादी होती. प्रत्येक यंत्रावरची ती उघडी फाइल वाचून तो स्वतःच शब्द दळून पाही. त्याचा कर्ता होता रॉबर्ट टॅपन मॉरिस, म्हणजे १९७९ च्या त्या लेखाच्या पहिल्या लेखकाचा मुलगा. (कादंबरीकाराने असे कथानक रचले असते तर समीक्षकांनी त्याला अतिरंजित म्हटले असते.) पुढे हॅश वेगळ्या ‘शॅडो’ फाइलमध्ये गेली. ती केवळ मुख्य व्यवस्थापकालाच वाचता येते.

दरम्यान यंत्रांची संख्या वाढली होती. एका विभागात चाळीस संगणक असतील तर चाळीस पासडब्ल्यूडी फाइली, आणि एक विद्यार्थी नवीन आला की चाळीस ठिकाणी नोंद. मध्यवर्ती व्यवस्थेची गरज इथून निर्माण झाली. सन कंपनीने १९८० च्या दशकात ‘यलो पेजेस’ आणले. ब्रिटनमध्ये ते नाव ब्रिटिश टेलिकॉमचे नोंदणीकृत चिन्ह असल्याने पुढे त्याचे एनआयएस झाले, पण आज्ञांच्या आरंभीची ‘वायपी’ ही अक्षरे तशीच राहिली. गावाचे नाव बदलले तरी एसटीच्या पाटीवर जुनेच नाव राहावे, तसे.

एनआयएसमध्ये नेमके काय होई, हे नीट समजून घ्या, कारण सगळा वाद येथेच आहे. मध्यवर्ती सर्व्हर सर्वांच्या हॅश मागेल त्या यंत्राला देऊन टाकी. ताडून पाहण्याचे काम त्या त्या यंत्रावर होई. म्हणजे तुमचा पासवर्ड तुमच्या पुढ्यातल्या यंत्राबाहेर जात नसे, पण तुमची हॅश गावभर हिंडे. एनआयएसच्या डोमेनचे नाव कळले की एका आज्ञेत सगळी यादी मिळे. शॅडो फाइलने झाकलेले एनआयएसने पुन्हा उघडे केले.

नंतर आलेल्या एलडॅपने हे उलटे केले. १९८८ च्या एक्स ५०० या अवजड आंतरराष्ट्रीय मानकाची सुटसुटीत आवृत्ती म्हणून एलडॅप जन्मले. मिशिगन विद्यापीठात टिम हाउज आणि सहकाऱ्यांनी ते घडवले, आणि त्याचे पहिले मानक १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. येथे हॅश सर्व्हरच्या आतच राहते. पडताळणीच्या वेळी पासवर्डच सर्व्हरकडे जातो, सर्व्हर तो दळतो आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच कळवतो. हॅशचे हिंडणे थांबले, पासवर्डचा प्रवास सुरू झाला. तो प्रवास झाकलेल्या वाहिनीतून झाला नाही तर वाटेत कोणीही वाचू शकतो. एलडॅपच्या तिसऱ्या आवृत्तीत अशी वाहिनी सुरू करण्याची तरतूद २००० साली प्रमाणित झाली.

म्हणून ‘मध्यवर्ती व्यवस्था म्हणजे प्रगती’ आणि ‘मध्यवर्ती व्यवस्था म्हणजे धोका’ या दोन्ही घोषणा मला सारख्याच पोकळ वाटतात. प्रत्येक वेळी विचारायचे ते एवढेच : दाणे कोणाकडे, पीठ कोणाकडे, आणि त्यांपैकी कोण प्रवास करते?

आता ते स्थलांतर, ज्यासाठी म्हणे रजिस्टर लागते. मार्च १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातील ल्यूक हॉवर्ड यांनी आरएफसी २३०७ हा दस्तऐवज लिहिला. पासडब्ल्यूडी फाइलमधील कोणता रकाना एलडॅपच्या कोणत्या गुणधर्मात बसवायचा, हे त्यात सांगितले आहे : नाव येथे, क्रमांक येथे, घरची डिरेक्टरी येथे. आणि हॅश? हॅश पासवर्डच्या गुणधर्मात, तिच्या आधी महिरपी कंसात ‘क्रिप्ट’ असा शिक्का मारून. बस्स. हॅशचे एक अक्षरही बदलायचे नाही. हॉवर्ड यांच्याच पॅडल या कंपनीने हे काम करणाऱ्या पर्ल भाषेतील छोट्या स्क्रिप्टही उपलब्ध करून दिल्या, आणि त्या जगभरच्या संस्थांत वापरल्या गेल्या. स्क्रिप्ट एकेक ओळ वाचते आणि नव्या साच्यात लिहिते. हजारो माणसांची गुपिते एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जातात, आणि ती हलवणाऱ्याला त्यांतले एकही कळत नाही. दुसऱ्या दिवशी माणसे नेहमीचाच पासवर्ड टाइप करतात आणि आत जातात. काही घडले आहे याचा त्यांना पत्ताही नसतो.

त्या शिक्क्याचे महत्त्व अभिलेखागारात बसणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. कागद कोणत्या दफ्तरातून आला याची नोंद हरवली की कागद अर्धा मुका होतो. हॅशचेही तसेच. ती कोणत्या जात्यावर दळली हे तिच्यासोबत लिहिलेले असते. जुनी डीईएसची हॅश तेरा अक्षरांची असते, आणि त्यांतली पहिली दोन म्हणजे मीठ. पोल-हेनिंग काम्प यांच्या १९९० च्या दशकातील एमडी-५ पद्धतीच्या हॅशआधी दोन डॉलरचिन्हांमध्ये १ हा आकडा असतो, आणि उल्रिक ड्रेपर यांच्या २००७ च्या एसएचए-५१२ पद्धतीत त्या जागी ६. एकाच डिरेक्टरीत तिन्ही पिढ्या सुखाने नांदू शकतात. अट एवढीच की नव्या सर्व्हरवर त्या त्या प्रकारचे जाते उपलब्ध असावे. नसेल तर सोमवारी सकाळी कोणालाच आत जाता येत नाही आणि दोष मात्र ‘हॅश हलवता येत नाही’ या तत्त्वावर ढकलला जातो.

स्थलांतरातली खरी डोकेदुखी तर पासवर्डाची नसतेच. ती क्रमांकांची असते. युनिक्समध्ये फाइलची मालकी नावावर नव्हे, क्रमांकावर असते. वेगवेगळ्या यंत्रांवर १००१ हा क्रमांक वेगवेगळ्या माणसांना दिलेला असतो, आणि सगळे एका डिरेक्टरीत आणताच एकाचा प्रबंध दुसऱ्याच्या नावे दिसू लागतो. सातबाऱ्यावरचा गट क्रमांक चुकावा तसा हा प्रकार. काळजी करायची तर याची करा. त्यासाठी रजिस्टर ठेवलेत तर मी आनंदाने सही करीन.

आता प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते मान्य करते. सर्वच ठिकाणी हॅश जशीच्या तशी चालत नाही. एमआयटीच्या अथेना प्रकल्पातून, जो १९८३ मध्ये सुरू झाला, केर्बेरॉस ही पद्धत निघाली. तिला पासवर्डापासून स्वतःच्या रीतीने बनवलेली किल्ली लागते, आणि युनिक्सच्या पिठातून ती किल्ली घडवता येत नाही, कारण त्यासाठी मूळ दाणे हवेत. विंडोजचेही तसेच आहे. २००० साली आलेली अॅक्टिव्ह डिरेक्टरी ज्या हॅशवर चालते ती एमडी-४ ची, बिनमिठाची. युनिक्सकडून तिच्याकडे थेट वाट नाही.

पण म्हणून रजिस्टर? मुळीच नाही. जुनी हॅश नव्या डिरेक्टरीत आणून ठेवावी. माणूस पहिल्यांदा लॉगिन करील तेव्हा तो पासवर्ड स्वतःच टाइप करणार आहे. त्या क्षणी जुन्या हॅशशी ताडून पाहावे, जुळला तर तिथल्या तिथे नवी किल्ली घडवावी आणि दाणे विसरून जावेत. फ्री-आयपीए या मुक्त प्रणालीत याच कामासाठी खास ‘मायग्रेशन’ अवस्था दिलेली आहे. आणि हेही जमत नसेल तर सरळ नवा पासवर्ड ठरवण्याची एकदाच चालणारी दुवा-पत्रे पाठवावीत. त्यात गैरसोय आहे, पण जुना पासवर्ड कोणालाच सांगावा लागत नाही. वाटा तीन. त्यांपैकी एकाही वाटेवर चार रकान्यांचे रजिस्टर लागत नाही.

आणखी एक आक्षेप मी स्वतःच घेते. हॅश अमर नसते. युनिक्सच्या बीएसडी शाखेच्या जुन्या संग्रहात त्या काळच्या विकासकांची पासडब्ल्यूडी फाइल सापडते. हॅश डीईएसच्या, आठ अक्षरांपुढचे न पाहणाऱ्या. बहुतेक पटापट फुटल्या. केन थॉम्प्सन यांची मात्र दीर्घकाळ दाद देत नव्हती. २०१९ मध्ये तीही फुटली, आणि आतून निघाली बुद्धिबळाची एक चाल, जुन्या नोटेशनमध्ये लिहिलेली : वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे. चाळीस वर्षे लागली, पण पीठ अखेर बोलले. तेव्हा जुनी हॅश हलवली म्हणजे काम संपले असे मी म्हणत नाही. पहिल्याच लॉगिनला ती नव्या, संथ जात्यावर पुन्हा दळून घेतली पाहिजे. प्रोव्होस आणि माझिएर यांनी १९९९ मध्ये मांडलेली बीक्रिप्ट पद्धत तर याच हेतूने रचलेली आहे : यंत्रे वेगवान झाली की जाते अधिक जड करता यावे.

पण थॉम्प्सन यांचे गुपित कळायला चार दशके लागली. माझ्या आधी सही करणाऱ्या मुलीचे मला चार सेकंदांत कळले. तिच्या जन्मगावाचे नाव आणि एक वर्ष. तोच शब्द तिच्या मेललाही असेल, कदाचित बँकेलाही. तिने तो ग्रंथालयाला दिला असे तिला वाटते, प्रत्यक्षात तिने तो रांगेतल्या प्रत्येकाला दिला आहे. शेर यांना निदान एक पंच कार्ड तरी भरावे लागले होते.

त्या दिवशी काउंटरवरच्या काकांशी मी वाद घातला नाही. त्यांना वरून तसा आदेश होता आणि रांग मोठी होती. मी नाव लिहिले, क्रमांक लिहिला, तिसऱ्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि सही केली. आरएफसी २३०७ ची छापील प्रत सोबत जोडून संगणक विभागाला अर्जही दिला. त्याची पोच माझ्याकडे आहे. खाते अजून बंद आहे.